बुडालेल्या आरमाराची साक्ष

बुलढाणा जिल्हा समुद्रापासून शेकडो मैल दूर आहे. येथील बहुसंख्य माणसांनी समुद्र पाहिला असेल तो मुंबईच्या चौपाटीवर किंवा शाळेच्या सहलीत. असे असूनही मराठ्यांच्या आरमाराचा विषय या जिल्ह्याला परका नाही. सिंदखेडराजा येथे १२ जानेवारी १५९८ रोजी जन्मलेल्या जिजाबाईंच्या पुत्राने, घाटमाथ्यावर वाढूनही, समुद्राकडे पाठ फिरवून राज्य टिकणार नाही हे ओळखले. आपल्या जिल्ह्याचे पाणीही दोन्ही समुद्रांना मिळते. मढजवळ उगम पावणारी पैनगंगा वर्धा, प्राणहिता आणि गोदावरीच्या वाटेने बंगालच्या उपसागराला जाते, तर नळगंगेचे पाणी पूर्णा आणि तापीतून सुरतेच्या खाली अरबी समुद्रात पोचते. तेव्हा आरमाराच्या इतिहासाची चिंता कोकणाने करावी आणि वऱ्हाडाने केवळ जयंतीच्या दिवशी जयघोष करावा, ही वाटणी भूगोलालाही धरून नाही आणि इतिहासालाही.

हा विषय आज मांडण्यास निमित्त आहे. २ सप्टेंबर २०२२ रोजी भारतीय नौदलाने स्वीकारलेल्या नव्या ध्वजावर शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून प्रेरणा घेतलेली अष्टकोनी आकृती आली. ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिन मालवणात, सिंधुदुर्गाच्या साक्षीने साजरा झाला. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यांत सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी हे चार समुद्राशी निगडित दुर्ग आहेत. या गोष्टींचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु या अभिमानाच्या पायाशी एक पोकळी आहे. ज्या जहाजांमुळे त्या किल्ल्यांना अर्थ होता, त्या जहाजांविषयी आपल्याजवळ हाताने स्पर्श करता येईल असा पुरावा जवळपास नाही. संग्रहालयात गुराबेची प्रतिकृती पाहावयास मिळते. गुराब पाहावयास मिळत नाही.

कागदांची मर्यादा

मराठा आरमाराचा जो इतिहास आपण शिकतो आणि शिकवतो, तो मुख्यतः कागदांवरून रचलेला आहे, आणि त्यांतील बरेच कागद शत्रूचे किंवा प्रतिस्पर्ध्याचे आहेत. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती आल्यानंतर जहाजबांधणी सुरू झाली. तिच्यात रुई लैतांव व्हियेगस आणि त्याचा भाऊ यांच्या हाताखाली पोर्तुगीज कारागीर होते. १६५९ मध्ये ते काम सोडून निघून गेले. हे आपल्याला पोर्तुगीज दप्तरातून कळते. १६६५ च्या बसरूर मोहिमेत ८५ लहान गलबते आणि ३ मोठी जहाजे होती, हा आकडा इंग्रज वखारवाल्यांच्या पत्रातला. १६७९ मध्ये खांदेरीच्या पाण्यात मायनाक भंडारी आणि दौलतखान यांनी इंग्रजांना झुंजविले, १८ ऑक्टोबरच्या लढाईत 'डव्ह' हे जहाज मराठ्यांच्या हाती लागले, याचा तपशीलही प्रामुख्याने मुंबईकर इंग्रजांचा आहे.

शत्रूचा कागद खोटाच असतो असे नाही. पण तो शत्रूच्या गरजेपुरता असतो. पराभव झाला की समोरची जहाजे वाढतात आणि विजय झाला की ती चाच्यांची होड्या-मचवे ठरतात. कान्होजी आंग्रे यांना इंग्रज 'चाचा' म्हणत. आपण त्यांना 'सरखेल' म्हणतो. दोन्ही शब्द राजकारणाचे आहेत. आपल्या बखरींची तऱ्हा निराळी. त्यांत आरमाराचा आकडा कित्येक शतांत जातो. परंतु गुराबेची लांबी किती, तिच्या फळ्या खिळ्यांनी जोडलेल्या की काथ्याने शिवलेल्या, तोफा कोणत्या कारखान्यातल्या, खलाशी काय खात, या प्रश्नांवर बखरकार गप्प आहे. १९७३ साली डॉ. बी. के. आपटे यांनी मराठा आरमारावर इंग्रजीत विस्तृत ग्रंथ लिहून कागदांची साक्ष एकत्र केली. त्यापुढचे पाऊल कागदाबाहेर टाकावे लागणार आहे.

लाकूड काय सांगते

समुद्रतळावरील अवशेषांनी आरमारांच्या इतिहासात किती भर घातली आहे, हे इतर देशांचा अनुभव पाहिला म्हणजे कळते. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीची 'मेरी रोझ' ही युद्धनौका १९ जुलै १५४५ रोजी फ्रेंच आरमारासमोर बुडाली आणि तिचा उरलेला सांगाडा ११ ऑक्टोबर १९८२ रोजी वर काढण्यात आला. इंग्रजांचे लांब धनुष्य जगप्रसिद्ध होते. परंतु त्या काळातले धनुष्य जवळजवळ उरलेलेच नव्हते. या एका जहाजात १३७ अखंड धनुष्ये आणि साडेतीन हजारांवर बाण सापडले. त्यामुळे धनुष्याची ताकद तर्काने ठरविण्याची गरज संपली. ती मोजता आली. बुडालेल्यांच्या हाडांचाही अभ्यास झाला आणि सतत धनुष्य ओढल्याच्या खुणा खांद्यांच्या सांध्यांत शोधता आल्या. राजाच्या चरित्रात ज्यांना एक ओळही मिळाली नसती, अशा माणसांची ही नोंद आहे.

स्वीडनची 'वासा' ६४ तोफांची, राजवैभवाचे प्रतीक म्हणून बांधलेली. १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच सफरीत, मैलभरही न जाता, ती स्टॉकहोमच्या बंदरात कलंडली. चौकशी झाली, दोष कोणावरच ठेवला गेला नाही. १९६१ मध्ये जहाज वर आले तेव्हा त्यात सुतारांच्या चार मोजपट्ट्या मिळाल्या: दोन स्वीडिश फुटांच्या, दोन अ‍ॅम्स्टरडॅमच्या फुटांच्या. दोन्ही फुटांची लांबी सारखी नव्हती. एकाच जहाजावर दोन परंपरांचे कारागीर दोन मापांनी काम करीत होते, ही गोष्ट तीन शतकांनी लाकडाने सांगितली. कल्याणच्या गोदीत पोर्तुगीज सुतार आणि कोकणी कारागीर शेजारी शेजारी काम करीत असता त्यांची मापे जुळत होती काय, हा प्रश्न आपणही विचारू शकतो. मात्र त्याचे उत्तर देणारे जहाज आपल्यापाशी नाही.

जपानजवळ ताकाशिमा बेटाच्या पाण्यात १२८१ मध्ये वादळाने नष्ट झालेल्या कुबलाईखानाच्या आरमाराचे अवशेष मिळाले. दैवी वाऱ्याने शत्रू बुडविला, ही तेथील श्रद्धा. सापडलेल्या काही लाकडांवर खिळ्यांच्या खुणांची दाटी होती. ही जहाजे वारंवार दुरुस्त केलेली किंवा जुन्या लाकडातून उभी केलेली असावीत, असे अभ्यासकांनी सुचविले. चिनी मातीचे स्फोटक गोळेही तळाशी मिळाले आणि जुन्या चित्रातले दृश्य खरे ठरले. म्हणजे एकाच तळाने एका आख्यायिकेला मुरड घातली आणि दुसऱ्या चित्राला आधार दिला. समुद्रतळाची साक्ष अशीच असते. ती कोणाच्याही बाजूची नसते.

आमच्या उष्ण समुद्रात लाकूड किडते, तेथे काय उरणार, अशी शंका कोणी घेईल. शंका रास्त आहे. बाल्टिकच्या निमखाऱ्या थंड पाण्यात जहाजे पोखरणारी कीड फारशी तग धरत नाही, म्हणून 'वासा' टिकली. अरबी समुद्रात उघडे लाकूड थोड्या वर्षांत नाहीसे होते. पण गाळात गाडले गेलेले लाकूड प्राणवायूअभावी टिकू शकते, आणि लाकूड गेले तरी तोफा, गोळे, नांगर, नीरमाचे दगड आणि भांडी राहतात. ओमानच्या अल हल्लानिया बेटाजवळ १५०३ मध्ये बुडालेल्या, वास्को द गामाच्या ताफ्यातील 'एस्मेराल्दा' असण्याचा दाट संभव असलेल्या जहाजाच्या जागी २,८०० हून अधिक वस्तू मिळाल्या. तो समुद्र अरबीच आहे. आपल्याकडे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने सुंची खडकाजवळ सतराव्या शतकातील पोर्तुगीज जहाजाच्या अवशेषांतून तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात आणि चिनी भांडी काढून दाखविली. तात्पर्य, समुद्र सगळेच खात नाही.

विजयदुर्गाचे पाणी

मराठ्यांच्या बाबतीत शोध कोठे घ्यावा, याचे उत्तर फार दूर नाही. फेब्रुवारी १७५६ मध्ये अ‍ॅडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर हल्ला केला. तुळाजी आंग्र्यांचे आरमार किल्ल्याच्या आश्रयाला, वाघोटन खाडीच्या मुखाशी उभे होते. आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडूनच हस्तगत केलेल्या एका जहाजावर तोफगोळा पडून आग लागली आणि ती एका जहाजावरून दुसऱ्यावर जात सारे आरमार भस्मसात झाले. तीन डोलकाठ्यांची मोठी जहाजे, गुराबा, गलबते, सारी त्याच आगीत गेली. गोदीत बांधणी चाललेली जहाजेही वाचली नाहीत. मराठ्यांच्या दर्यावर्दी सामर्थ्याचा एवढा मोठा भाग एकाच जागी आणि एकाच दिवसांत क्वचितच नाहीसा झाला असेल. दिवसही ठाऊक आहे, जागाही ठाऊक आहे. खाडीत गाळही आहे. पुरातत्त्वज्ञाला याहून अधिक काय हवे?

या जागेचे महत्त्व आणखी एका कारणासाठी आहे. त्या दिवशी इंग्रजांच्या बाजूला पेशव्यांचे सैन्यही होते. एका मराठा सत्तेने दुसऱ्या मराठा सत्तेचे आरमार परक्याच्या हातून नष्ट होऊ दिले, आणि किल्ल्यातील लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली. तेव्हा विजयदुर्गाच्या तळाशी आहे ती केवळ गौरवाची निशाणी नव्हे. आपसांतील वैराची किंमतही तेथे गाळात रुतलेली आहे. ती वर आणण्याची तयारी ज्या समाजात आहे, त्यालाच इतिहासाचा अभिमान मिरविण्याचा अधिकार पोचतो.

आता एक उदाहरण घेऊ. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराचे स्वतंत्र प्रकरण आहे. गुराबा फार मोठ्या नकोत, फार लहानही नकोत, मध्यम असाव्यात, असा सल्ला त्यात आहे. लाकडाविषयी तर त्यात एक अत्यंत मानवी आज्ञा आहे. आंबा, फणस ही झाडेही आरमाराच्या उपयोगाची. पण रयतेने ती लेकरांसारखी वाढविलेली असतात, म्हणून त्यांना हात लावू नये, आणि अगदीच आवश्यक झाले तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावीत, असा तिचा आशय आहे. हे आपण भाषणांत अनेकदा ऐकतो. ही आज्ञा पाळली गेली काय? कागद एवढेच सांगतो की ती दिली गेली. जहाजाच्या फळीचा एक तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर ते लाकूड सागाचे की आंब्या-फणसाचे, हे ओळखता येते. अनेक जहाजांचे अनेक तुकडे मिळाले तर आज्ञा आणि आचरण यांतील अंतरही दिसू लागेल. अर्थात आंब्याची फळी मिळाली म्हणून जुलूम सिद्ध होणार नाही, कारण ती मोल देऊनही घेतलेली असू शकेल; पण प्रश्न तरी पुराव्यानिशी विचारता येईल. राज्यकर्त्याच्या आज्ञेची अशी परीक्षा घेणे म्हणजे त्याचा अवमान नव्हे. ज्या आज्ञेवर आपला विश्वास आहे, तिला परीक्षेचे भय वाटण्याचे कारण नाही.

परीक्षा न घेतल्याने काय होते, हेही विजयदुर्गातच दिसते. किल्ल्याजवळ पाण्याखाली एक भिंत आहे. शत्रूची जहाजे तिच्यावर आपटून फुटावीत म्हणून ती मराठ्यांनी बांधली, अशी लोकपरंपरा. समुद्रविज्ञान संस्थेच्या शोधकांनी पाण्यात उतरून तिची नोंद केली. पुढे काही संशोधकांनी तिला मराठा काळाहून कितीतरी जुनी मानले. वाद संपलेला नाही; पण तो संपविण्याचा मार्ग भाषणांचा नसून मोजमापाचा आहे.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप पैशाचा. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते आणि शाळेच्या छपरासाठी अर्ज करावे लागतात, तेथल्या माणसाने समुद्रतळाच्या संशोधनावर खर्च करा म्हणावे काय? हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. परंतु आरमाराच्या नावाने खर्च होतच आहे; प्रश्न आहे तो कशावर करावयाचा हा. मालवणच्या राजकोट येथे २०२३ च्या नौदल दिनी अनावरण झालेला शिवछत्रपतींचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला आणि नंतर तेथे नवा पुतळा उभारण्यात आला. स्मारके असावीत. पण ज्या महापुरुषाचे स्मारक उभारावयाचे, त्याच्या कर्तृत्वाचा प्रत्यक्ष पुरावा शोधण्यास स्मारकाच्या खर्चातला एखादा हिस्सा लावला, तर कोणाच्या तोंडचे पाणी पळणार नाही. शिवाय पहिली पायरी उत्खननाची नाहीच. ध्वनिलहरींनी तळाचे चित्र घेणे आणि चुंबकमापकाने लोखंड हुडकणे, एवढ्या पाहणीने सुरुवात होते. त्यासाठी लागणारी माणसे आणि यंत्रे गोव्याच्या संस्थेत, नौदलात आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या पाण्याखालील शाखेत आहेत.

दुसरा आक्षेप असा की, झोपलेल्यांना उठवू नये. जहाज हे पुष्कळदा स्मशान असते. ९ डिसेंबर १९७१ रोजी 'खुकरी' बुडाली तेव्हा १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्यासह गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडले नाही. त्या पाण्याला कोणी कुतूहलाने हात लावावा, असे कोणीही म्हणणार नाही. जुन्या जहाजांच्या बाबतीतही हीच मर्यादा पाळावयास हवी. २००१ साली युनेस्कोत संमत झालेल्या करारात अवशेष शक्यतो जागच्या जागी राखणे हाच पहिला पर्याय मानला आहे, आणि त्यांचा व्यापार निषिद्ध ठरविला आहे. शोध घेणे आणि उपसून काढणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. 'वासा'वर रासायनिक द्रवाचा फवारा १७ वर्षे मारावा लागला. जे सांभाळता येणार नाही ते वर काढू नये, हा साधा विवेक आहे.

मात्र 'हात लावू नये' याचा अर्थ 'लक्ष देऊ नये' असा केला, तर हात दुसरेच कोणी लावतात. १७५२ मध्ये बुडालेले 'गेल्डरमाल्सन' हे डच जहाज १९८० च्या दशकात एका धंदेवाईक शोधकाने गाठले आणि त्यातील लाखाहून अधिक चिनी भांडी १९८६ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमला लिलावात विकली गेली. भांडी घरोघर गेली. जहाजाची हकीकत मात्र उधळली गेली. आपल्या किनाऱ्यावर धोका लिलावाचाच आहे असे नाही. बंदरासाठी गाळ उपसणारे यंत्र, तळ खरवडीत जाणारे यांत्रिक मासेमारीचे जाळे आणि भंगाराचा भाव ही तिन्ही संकटे कसलाही गाजावाजा न करता येतात. खाडीतून उपसलेल्या गाळाबरोबर गुराबेची फळी गेली, तर ती गेली हेदेखील कोणाला कळणार नाही.

काय करता येईल

म्हणून मागणी मोजकी आहे. विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, खांदेरी आणि सिंधुदुर्ग यांच्या भोवतालच्या पाण्याची पद्धतशीर पाहणी व्हावी. किल्ल्याची तटबंदी जशी संरक्षित, तसा तिच्या पायथ्याचा समुद्रतळही संरक्षित ठरावा. त्या क्षेत्रात गाळ काढण्यापूर्वी पुरातत्त्वीय तपासणी सक्तीची असावी. कोळी आणि भंडारी समाजांतील जाणत्या माणसांना जाळे कोठे अडकते हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असते; त्यांची माहिती नोंदवून घ्यावी आणि सापडलेली वस्तू आणून देणाऱ्याला चौकशीचा ससेमिरा नव्हे, तर मान आणि मोबदला मिळावा.

आणि वऱ्हाडाने काय करावे? आपल्या जिल्ह्याच्या वाटेनेच अजिंठ्याची डोंगररांग जाते. तेथील दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात एका चित्रकाराने तीन डोलकाठ्यांचे जहाज रंगविले. त्या चित्रावरून नौदलाने काथ्याने शिवलेल्या फळ्यांचे 'कौंडिण्य' हे जहाज बांधवून घेतले आणि मे २०२५ मध्ये ते कारवारला दाखल करून घेतले. समुद्रापासून दूर असलेल्या डोंगरातील भिंत जहाज कसे होते हे सांगू शकली, कारण कोणीतरी ते नीट पाहून ठेवले होते आणि पुढे कोणीतरी ती भिंत जपली. या कामाला लागणारी माणसेही केवळ पाणबुडेच नसतात. लाकूड ओळखणारा वनस्पतिशास्त्रज्ञ, तोफेचे लोखंड तपासणारा धातुशास्त्रज्ञ, मोडी आणि पोर्तुगीज वाचणारा अभ्यासक, नकाशे करणारा तंत्रज्ञ, या सर्वांची तेथे गरज आहे. अमरावती विद्यापीठाच्या कक्षेतील महाविद्यालयांतून असे विद्यार्थी घडू शकतात. शिक्षकांनी आरमाराचा पाठ शिकविताना 'हे आपल्याला कशावरून कळते?' हा एक प्रश्न वर्गात विचारला, तरी पुष्कळ झाले.

मुंबईच्या गोदीत १८१७ साली सागवानातून बांधलेली 'ट्रिंकोमली' ही इंग्रज युद्धनौका आज इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे जपून ठेवलेली आहे. आपल्या कारागिरांच्या हातचे ते जहाज परक्यांनी राखले. आपल्या कारागिरांनी आपल्याच राज्यासाठी बांधलेल्या जहाजांचे जे काही शिल्लक असेल, ते आपल्याच खाडीच्या गाळात आहे. ते शोधण्याचे आणि राखण्याचे काम दुसरे कोणी आपल्यासाठी करणार नाही.